वरच्या ओळीतला फोटो

"आधी जेवू द्या, मग विचारा."

विलासराव शिरसाठांचं हे वाक्य. गावात होते तेव्हाही ते बोलत, आणि पस्तीस वर्षं जर्मनीत काढल्यावरही बोलतात. र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या कारखान्यात ते डाय बनवत. म्हणजे पत्र्याला दाराचा, छताचा आकार देणारे पोलादी साचे. केसभर चूक झाली तर गाडीचं दार आयुष्यभर कुरकुरतं. असं काम करणारा माणूस घाई करत नाही. विलासराव चालतानासुद्धा पाऊल टाकण्याआधी जमिनीची परवानगी घेत असावेत, असं वाटतं.

एकदा म्हणे कारखान्यात एक तुर्की मुकादम आणि एक पोलिश कामगार एकमेकांच्या अंगावर धावले. एक म्हणत होता, माझ्या नमाजाच्या वेळेला मुद्दाम काम काढलं. दुसरा म्हणत होता, माझ्या चर्चच्या रविवारी मला पाळी लावली. विलासरावांनी दोघांच्या मधे डबा उघडला. बाजरीची भाकरी आणि ठेचा. "आल्झो, म्हणजे तर मग, आधी जेवा," म्हणाले, "देवांचं मग बघू." ठेच्याने दोघांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि जेवण संपता संपता असं निघालं की भांडण देवांचं नव्हतंच. खिडकीजवळच्या पंख्याचं होतं.

मी त्यांच्याच गावचा; हे मला त्यांच्या पत्नीने, वासंतीवहिनींनी सांगितलं. पुढचं थोडं त्यांनी सांगितलं, थोडं विलासरावांनी. दोघांचं जिथे जुळलं नाही, तिथे मी वहिनींचं धरलं आहे.

त्यांना एकच मुलगी, कौमुदी. तिचा जन्म तिथलाच. शेजारच्या वीसबाडेन शहरात अमेरिकन सैन्याची छावणी आहे. तिथल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कॅलेब नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा शांत, कामसू, सासूच्या हातची आमटी वाटी उचलून पिणारा. त्याच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता.

वडिलांचं नाव डेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले शेतकरी. नजर पोचेल तिथपर्यंत मका, मधे डुकरांच्या शेड, आणि मका संपतो तिथे एक पांढरं चर्च. त्या चर्चच्या पंचांत डेल. बायको आधीच वारलेली. घर, शेत आणि चर्च या तीन ठिकाणांपलीकडे हा माणूस फारसा कुठे गेलेला नाही. कौमुदीच्या लग्नाला ते आले नाहीत. पत्र पाठवलं. "तुम्हा दोघांचं भलं होवो. पण दुसऱ्या देवाच्या अग्नीसमोर मला बसता येणार नाही."

कौमुदीने ते पत्र कपाटात जपून ठेवलं. प्रेमाने नव्हे, रागाने.

विलासराव म्हणाले, "पत्र तरी लिहिलं. आपल्याकडे रुसलेला व्याही पत्र लिहितो का? निरोप धाडतो, तोही तिसऱ्याच्या तोंडून."

त्याला पाच वर्षं झाली. कौमुदीला मुलगी झाली, अन्वी. ती तीन वर्षांची झाली तरी तिचे हे आजोबा तिला फोनच्या काचेतच माहीत होते. आणि मग एका जानेवारीच्या शेवटी डेलनी मुलाला कळवलं, "फेब्रुवारीत आठवडाभर येतो. जमीन गोठली आहे, शेतात काम नाही." याहून जास्त एक शब्द नाही.

इथे जरा थांबून अमेरिकेचं सांगायला हवं. तिथे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी त्या पक्षाची माणसं राज्याराज्यांत मतं देऊन ठरवतात. आयोवात ही निवड मोठी न्यारी. जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत गावकरी शाळेच्या जेवणघरात, चर्चच्या तळघरात जमतात. प्रत्येक उमेदवारासाठी गावातलाच कुणीतरी उठतो आणि दोन मिनिटं बोलतो. मग चिठ्ठ्यांवर मतं. डेल तीस वर्षं असे उठून बोलत आले होते, आणि तीस वर्षं त्यांच्या चर्चने पसंत केलेल्या उमेदवारासाठीच बोलले होते.

त्या वर्षी चर्चची पसंती एका माजी गव्हर्नरला होती. उंच, रुपेरी केसांचा, सभेत एक हात बायबलवर ठेवून बोलणारा. विलासराव त्याला आदराने गव्हर्नरसाहेब म्हणत. या गव्हर्नरसाहेबांनी शरद ऋतूतल्या एका सभेत म्हटलं होतं की या देशाच्या घरावर एकाच देवाचं छप्पर आहे, दुसऱ्या देवांनी पाहुणे म्हणून यावं, घरचे व्हायला बघू नये. कौमुदीने ते ऐकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी डेलनी नव्या ट्रॅक्टरचा फोटो मुलाला पाठवला. ट्रॅक्टरच्या मागे, मक्याच्या कडेला, त्याच गव्हर्नरसाहेबांची पाटी रोवलेली.

"ती पाटी मी विसरणार नाही," कौमुदी आईच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. "ते आले की मी दारातच विचारणार. मी आणि माझी मुलगी तुमच्या छपराखाली पाहुण्या, की घरच्या? पाहुण्या म्हणाले तर त्यांनी तिथूनच परत जावं. अन्वीला त्यांच्या मांडीवर बसवून मग दुसऱ्यांदा तोडायला मी तयार नाही."

"आधी जेवू द्यावं, मग विचारावं," विलासराव म्हणाले.

"बाबा, तुमचं ते वाक्य सगळीकडे चालत नाही."

"पंख्याला चाललं होतं."

"हा पंखा नाहीये."

वासंतीवहिनी मधे पडल्या नाहीत. पण वडील येणार हे कळल्यापासून कॅलेब मान खाली घालून वावरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. बाप आणि बायको यांच्यामधे उभा राहिलेला मुलगा कुठे बघणार? एक प्रश्न दारात विचारला जाणार होता, आणि त्याच्या उत्तरावर त्या पोरीचं अर्धं घर जोडलं जाणार होतं किंवा कायमचं तुटणार होतं. वहिनींना त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही.

विलासराव मात्र दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी खुलले. त्यांना उपाय सापडला होता.

आता हेही सांगायला हवं. विलासराव एकदा जर्मनीहून सुटीवर गावी आले, तेव्हा आमच्या तरुण मंडळाने वेशीवर त्यांचा फ्लेक्स लावला होता. मधे विलासराव, टाय लावलेले. खाली आम्हा सगळ्यांची नावं. आणि वरच्या ओळीत त्या वेळच्या पाच पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो, जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते. त्या फ्लेक्ससमोर हा पोलाद तासणारा माणूस रडला होता. पुढे दर दोन वर्षांनी ते आले की फ्लेक्स लागे. माणसाला मान द्यायचा म्हणजे वेशीवर त्याला मोठा करून लावायचा, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. आणि वरची ओळ रिकामी ठेवायची नाही. वरची ओळ रिकामी म्हणजे डोक्यावर फेटाच नाही.

ते एका तुर्की छपाईवाल्याकडे गेले. गाडीवर टाकतात तसल्या ताडपत्रीवर तो दुकानांच्या जाहिराती छापतो. विलासरावांनी त्याला मजकूर दिला. 'आयोवाचे सुपुत्र, मक्याचे बादशहा, मा. डेलसाहेब यांचे र्युसेल्सहाइम नगरीत सहर्ष स्वागत.' खाली इंग्रजीत तेच. मधे डेल, ट्रॅक्टरजवळचे. वरच्या ओळीत, सोनेरी गोलात, गव्हर्नरसाहेब.

छपाईवाला फोटोकडे बघत राहिला. "हेर शिरसाठ, हा माणूस? नक्की?"

"हो, हो. छापा."

"निम्म्या जगाला हा आवडत नाही."

"उरलेल्या निम्म्यात आमचे व्याही आहेत," विलासराव म्हणाले.

डेल यायच्या दिवशी सकाळी त्यांनी तो फ्लेक्स पहिल्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीला चारी टोकांनी बांधला. एक सुरकुती ठेवली नाही. खालच्या अंगणातून बघितलं तर गव्हर्नरसाहेब आणि डेल दोघे बाल्कनीत उभे असल्यासारखे दिसत. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्रुगमान खाली वाकून बघू लागल्या.

"हेर शिरसाठ, हाउसऑर्डनुंगमध्ये, इमारतीच्या नियमावलीत, चादर वाळत घालायलासुद्धा नियम आहे. हे काय आहे?"

"माझे व्याही."

"दोघेही?"

"खालचे. वरचे त्यांचे पुढारी."

"किती वेळ राहणार?"

"जेवण होईपर्यंत."

"गेनाऊ, बरोबर," फ्राऊ ब्रुगमान म्हणाल्या. "जेवण होईपर्यंत." आणि त्यांनी घड्याळात बघितलं.

कॅलेब वडिलांना आणायला विमानतळावर गेला. तो इथून जवळच, म्हणून पहिलं जेवण मुलीच्या घरी न ठेवता विलासरावांकडे ठेवलं होतं. कौमुदी अन्वीला घेऊन अंगणात आली, आणि तिने वर बघितलं.

वर येऊन तिने अन्वीचा कोट काढला, तो खुंटीला लावला, आणि मग म्हणाली, "बाबा, त्या माणसाचा फोटो तुम्ही आपल्या घरावर लावलात?"

"फोटो लावल्याने आपलं मत जात नाही, बाळा. गावात माझ्या डोक्यावर पाच होते. मी एकालाही मत दिलेलं नव्हतं."

"आई, तू काही बोलली नाहीस?"

"मी म्हटलं होतं फुलं लावा," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले फुलं थंडीत कोमेजतात, ताडपत्री टिकते."

"बघ," विलासराव म्हणाले, "माणसाला दारात मान मिळाला की तो आत ताठ येत नाही. वाकून येतो. वाकलेल्या माणसाला प्रश्न विचारणं सोपं."

तेवढ्यात गाडी आली.

डेल उतरले. उंच, खांद्याला जरा वाकलेले, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि वर बघितलं. बघतच राहिले. श्वासाची वाफ निघत होती, बाकी माणूस हलत नव्हता. हळूच त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

"भरून आलं त्यांना," विलासराव खिडकीतून म्हणाले.

वहिनी शेजारी उभ्या होत्या. "अहो, भरून आलेला माणूस बॅग परत उचलत नाही."

डेलनी बॅग उचलली होती. ते गाडीकडे वळले होते, आणि कॅलेब त्यांचा हात धरून काहीतरी सांगत होता.

विलासरावांना आयुष्यात घाई करताना कुणी पाहिलं असेल, तर ते त्या दिवशी. घरातल्या सपाता तशाच पायात, फेब्रुवारीच्या अंगणात, ते जिना उतरून धावले. मागून कौमुदी, कडेवर अन्वी.

"मला कळलं," डेल म्हणाले. इंग्रजी संथ, एकेक शब्द जमिनीत पेरल्यासारखा. "तुम्हाला जे सांगायचं होतं ते तुम्ही मला दारातच सांगितलंत. तो तुमचा हक्क आहे. मी हॉटेलात राहीन."

विलासरावांना काहीच कळलं नाही. मानाचा असा अपमान कसा झाला? कौमुदी पुढे आली. पाच वर्षांचा प्रश्न तिच्या जिभेवर होता, आणि तिने तोंड उघडलंही.

विलासराव दोघांच्या मधे उभे राहिले. कारखान्यात राहिले होते तसेच.

"आधी जेवू द्या, मग विचारा," ते म्हणाले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "तू पण. आणि तुम्ही पण. जेवणानंतर हॉटेल उघडंच आहे."

नऊ तास विमानात बसलेला माणूस भुकेला असतो, तो कुठल्याही पंथाचा असो. त्यातून डेलनी छातीशी धरलेली ती टोपी अन्वीने ओढून आपल्या डोक्यावर घातली होती, आणि ती नाकापर्यंत आली होती. टोपी सोडून जायचं कसं? डेल वर आले.

वहिनींनी मुद्दाम मक्याची भाकरी केली होती. आमच्या भागात मका चिक्कार. व्याही मक्याचा शेतकरी, तर त्याच्याच पिकाचा घास त्याला पहिला द्यावा, असा त्यांचा विचार. सोबत वांग्याचं भरीत, आमटी, भात. डेलनी डोळे मिटले, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. ती लांबली. भात निवत होता, कुणी हात लावला नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा विलासराव ताटाभोवती पाण्याची धार फिरवत होते.

"हे काय?" डेलनी विचारलं.

"तुम्ही आता जे केलंत तेच," विलासराव म्हणाले. "शिवाय मुंग्या येत नाहीत."

डेलनी भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला, चावला. "हा मका आहे?"

"तुमच्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "कशी झाली आहे?"

डेल बराच वेळ चावत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मॅडम, मी चाळीस वर्षं मका पिकवतो. आमच्याकडे हा डुकरांना घालतात. त्यांची कधी तक्रार आली नाही. का ते आता कळलं."

कॅलेबचा घास घशात अडकला. कौमुदीने खाली बघून ओठ चावले. वहिनींनी शांतपणे दुसरी भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि म्हणाल्या, "मग दोन खा. तिकडे गेल्यावर त्यांना सांगता येईल."

डेल हसले. आवाज न करता, फक्त खांद्यांनी. पाच वर्षांत कॅलेबने वडिलांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

ताटं उचलली. विलासराव कौमुदीकडे वळले. "आता विचार."

पण तिच्याआधी डेलच बोलले. "आधी मी विचारतो. तो फोटो तुम्ही का लावलात?"

"तुमचे पुढारी म्हणून," विलासराव म्हणाले. "तुमच्या शेतात त्यांची पाटी आहे."

"होती," डेल म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, ते त्यांनी मुलालाही कळवलं नव्हतं. जानेवारीत शाळेच्या जेवणघरात साठ-पासष्ट माणसं जमली होती. डेल नेहमीप्रमाणे उठले. पाद्रींनी दिलेला कागद हातात होता. अर्धा वाचून झाला आणि छपराची ओळ आली. एकाच देवाचं छप्पर, बाकीचे पाहुणे. डेल तिथे थांबले. त्यांच्या पाकिटात अन्वीचा फोटो असतो. त्यांनी तो काढला नाही, पण तो तिथे आहे हे त्यांना जाणवत होतं, खडा टोचावा तसं.

"मी म्हटलं, माझी एक नात जर्मनीत आहे. तिच्या आईकडची माणसं वेगळी प्रार्थना करतात. मला ही ओळ वाचता येणार नाही. आणि कागदाची घडी करून खाली बसलो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मतं त्यालाच जास्त पडली. पण तेव्हापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी असते. वाटलं, तुम्हाला भेटावं. पण तुम्ही घरात घ्याल की नाही माहीत नव्हतं. आणि इथे येऊन बघतो, तर तोच माणूस माझ्या डोक्यावर. मला वाटलं, तुम्ही मला माझं तोंड दाखवताय."

वरच्या मजल्यावर फ्राऊ ब्रुगमानची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझ्याबद्दल भलतं समजू नका," डेल म्हणाले. "माझं चर्च तेच आहे. तुमचं लग्न चर्चमध्ये व्हायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. अन्वीचा बाप्तिस्मा व्हावा असंही वाटतं. मी विचारणार, तुम्ही नाही म्हणणार. आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तोच उभा असेल तर कदाचित मत त्यालाच देईन. पण ती ओळ मी वाचणार नाही. अन्वी पाहुणी नाही."

कौमुदीचा प्रश्न न विचारताच संपला होता. तिने हात टेबलावर सपाट ठेवले आणि सावकाश श्वास सोडला. वहिनी म्हणतात, तो श्वास पाच वर्षांपूर्वी आत घेतलेला होता. मग ती म्हणाली, "बाप्तिस्म्याला नाहीच म्हणणार आहे."

"मी विचारणारच आहे."

"विचारा. जेवणानंतर."

अन्वी टोपी घातलेलीच डेलजवळ गेली आणि हात वर केले. एक आजोबा इथले, त्यांना ती आबा म्हणे. म्हणून हे ओपा, जर्मन भाषेतले आजोबा. तिने ते स्वतःच ठरवलं. डेलनी तिला उचललं, आणि बैलासारखा तो माणूस तिला इतकं हलकं धरून होता की कॅलेब उठून खिडकीशी गेला आणि चष्मा पुसू लागला.

दारावरची बेल वाजली. फ्राऊ ब्रुगमान. "हेर शिरसाठ, जेवण झालं."

"हो, झालं," विलासराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. केसभर चूक न करणाऱ्या माणसाने चार मीटर लांब चूक करून बाल्कनीला बांधली होती. त्यांनी दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स टेबलावर पसरला.

"माफ करा," ते व्याह्यांना म्हणाले. "टाकून देतो."

डेलनी फ्लेक्सच्या कडेवरून बोट फिरवलं. शेतकरी कापड चाचपतो तसं. "ताडपत्री चांगली आहे. टाकायची कशाला? आमच्याकडे निवडणूक संपली की पाट्या डुकरांच्या शेडला ठोकतात. वारा अडतो."

"आमच्याकडे कांद्याच्या ढिगावर घालतात," विलासराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव आला. "माझा श्रेबरगार्टन आहे, दहा मिनिटांवर. भाड्याचा बागेचा तुकडा. तिथे सरपण भिजतंय."

"चला."

"छापील बाजू खाली घालू?"

डेलनी विचार केला. "नको. तोंड वर असू द्या. मला पावसात उभं राहायची सवय आहे. त्यालाही थोडी होऊ दे."

फ्लेक्सची गुंडाळी झाली. एक टोक विलासरावांनी खांद्यावर घेतलं, दुसरं डेलनी. या वेळी विलासरावांनी बूट घातले. पुढे ते, मागे व्याही. रस्त्याच्या कडेला बर्फाची मळकी पट्टी होती. डेलची पावलं लांब, पण त्यांनी ती आखडून घेतली होती, कारण पुढचा माणूस घाई करत नव्हता. वळणावर विलासरावांनी काहीतरी विचारलं, आणि मागच्या माणसाचे खांदे हलले.

बाल्कनीत, मोकळ्या झालेल्या कठड्याला टेकून कौमुदी ते बघत होती. तिच्या कडेवर अन्वी, नाकापर्यंत टोपी, त्यामुळे तिला काही दिसत नव्हतं, पण ती हात हलवत होती. वरच्या बाल्कनीतून फ्राऊ ब्रुगमानही बघत होत्या, दोघे वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत.